सैतान : एका शब्दाचा दख्खनी प्रवास

सीमेवरच्या माणसाच्या तोंडचा कोणता शब्द कोणत्या भाषेचा, हे सांगणे मोठे कठीण काम असते. तलमडुगूच्या बाजारात आपला मराठी माणूस तेलुगूत भाव करतो, उर्दूत तक्रार करतो आणि घरी आल्यावर मराठीत सारी हकीकत सांगतो. आता यातला 'बाजार' फारसी, 'तक्रार' आणि 'हकीकत' अरबी. पण घरात कोणालाही त्यांचे परकेपण जाणवत नाही. आदिलाबाद जिल्ह्याची घडणच अशी आहे. पैनगंगेपलीकडे पांढरकवडा, पश्चिमेला किनवट. गोंड गुड्यांतून गोंडी आणि कोलामी. खेड्यापाड्यांत तेलुगू आणि मराठी. आणि या सर्वांवर कित्येक पिढ्या निजामी दफ्तराची छाया. किनवट आणि राजुरा हे तालुके तर १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते. राज्ये बदलली, २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले; पण शब्दांची ये-जा काही थांबली नाही.

अशाच ये-जा करणाऱ्या एका शब्दाची ही हकीकत आहे. तो शब्द म्हणजे 'सैतान'.

खोडकर नातवाला आजी कौतुकाने 'सैतान कुठला' म्हणते. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या 'अंगात सैतान संचारला' असे शेजारी म्हणतात. तेलुगू शेजारीणही 'सैतानु' म्हणते, मुसलमान शेजारी 'शैतान' म्हणतो आणि इंग्रजी शाळेत जाणारे पोर 'सेटन' म्हणते. सगळ्यांना वाटते की आपण एकाविषयीच बोलत आहोत. पण खरोखरच तसे आहे काय? नाव एकच असले म्हणून त्यामागची व्यक्ती एकच असते काय?

मुळापासून पाहू. इस्लामी परंपरेत या व्यक्तीला दोन नावे आहेत. एक 'इब्लीस' आणि दुसरे 'शैतान'. कुराणात इब्लीस हे नाव अकरा वेळा येते. शैतान हा शब्द, त्याचे अनेकवचन धरून, ८८ वेळा. कथा थोडक्यात अशी. ईश्वराने मातीपासून आदम घडवला आणि देवदूतांना त्याच्यापुढे नमण्याची आज्ञा केली. सारे नमले, इब्लीस तेवढा नमला नाही. कारण विचारल्यावर त्याने सांगितले की, माझी उत्पत्ती अग्नीची आणि याची मातीची; मी याच्याहून श्रेष्ठ असताना याच्यापुढे का वाकावे? या उद्दामपणाबद्दल त्याला हाकलून देण्यात आले. तेव्हा त्याने कयामतीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि तोवर आदमाच्या वंशाला बहकवीत राहण्याची प्रतिज्ञा केली. ही कथा कुराणाच्या सात सूरांत थोड्याफार फरकाने आली आहे. अठराव्या सूरेत तो जिनांपैकी होता असे स्पष्ट म्हटले आहे. तरी तो देवदूत की जिन, यावर भाष्यकारांनी पुष्कळ खल केला. पुढच्या काळातल्या कथांत तर पतनापूर्वी त्याचे नाव अजाजील होते आणि तो मोठा उपासक होता, अशीही भर पडली.

यात एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नमन नाकारण्याच्या प्रसंगी कुराण त्याला 'इब्लीस' म्हणते; पण आदम आणि त्याची पत्नी यांना मोह घालण्याचा प्रसंग आला की तोच 'शैतान' होतो. म्हणजे इब्लीस हे त्याचे स्वतःचे नाव, आणि शैतान हे त्याच्या कामाचे नाव. 'विठोबा' हे नाव आणि 'पाटील' हा हुद्दा, असाच काहीसा फरक म्हणा ना! हुद्दा एकाहून अधिकांना मिळू शकतो. म्हणूनच कुराणात शैतान अनेकही आहेत, आणि ते जिनांत आहेत तसे माणसांतही आहेत.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीतही दोन शब्द आहेत, 'सेटन' आणि 'डेव्हिल'. पैकी 'सेटन' हा मूळचा हिब्रू. अर्थ विरोधक, आरोप करणारा. बायबलच्या जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथात तो ईश्वराच्या दरबारात माणसावर आरोप ठेवणारा, सरकारी वकिलासारखा उभा आहे. अरबी 'शैतान' आणि हिब्रू 'सातान' हे एकाच सेमिटिक कुळातले सख्खे शब्द. हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर इसवी सनापूर्वीच अलेक्झांड्रियात झाले तेव्हा या शब्दासाठी 'दियाबोलोस' म्हणजे चहाडखोर, निंदक हा शब्द योजला गेला. त्याचे लॅटिनमध्ये 'दियाबोलुस' आणि इंग्रजीत झिजत झिजत 'डेव्हिल' झाले. आपल्याकडे कधी कधी 'डेव्हिल' शब्द 'देव' वरून आला असे हौशी लोक सांगतात. त्याला आधार नाही.

इब्लीस या शब्दाची व्युत्पत्ती अरबी कोशकार 'निराश झाला' या अर्थाच्या धातूपासून देतात. ईश्वराच्या दयेची आशा सुटलेला तो इब्लीस. पुष्कळ पाश्चात्त्य अभ्यासक मात्र तो त्याच ग्रीक 'दियाबोलोस'चा अरबी अवतार मानतात. हे दुसरे मत खरे धरले तर मोठी गंमत होते. 'शैतान' आणि 'सेटन' एका घरचे, 'इब्लीस' आणि 'डेव्हिल' दुसऱ्या घरचे. दोन्ही जोड्या भावंडांच्याच! भांडणाऱ्या भाऊबंदांनी पुढे वेगवेगळी आडनावे लावावीत, तसे हे झाले.

मग इस्लामच्या इब्लीसला इंग्रजीत म्हणायचे काय? जॉर्ज सेलच्या १७३४ सालच्या कुराणाच्या इंग्रजी भाषांतरात 'एब्लिस' आहे आणि त्याच रूपात तो पुढे इंग्रजी कथा-काव्यांतही शिरला. पण ज्या भाषांतरामुळे 'इब्लीस' हे रूप इंग्रजी वाचकांच्या घरोघर गेले, त्यांपैकी एक तयार झाले ते आपल्याच राजधानीत, हैदराबादेत. हा योगायोग आपल्या जिल्ह्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

मार्माड्यूक पिक्थॉल हा इंग्रज कादंबरीकार. १९१७ साली त्याने जाहीरपणे इस्लाम स्वीकारला. १९२० साली तो 'बॉम्बे क्रॉनिकल' या राष्ट्रीय वृत्तीच्या दैनिकाचा संपादक म्हणून मुंबईस आला आणि १९२५ साली निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेला. चादरघाटच्या हायस्कुलाचा तो मुख्याध्यापक झाला. 'इस्लामिक कल्चर' हे त्रैमासिक त्याने संपादिले. कुराणाच्या भाषांतरासाठी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या सरकारने त्याला १९२८ साली दोन वर्षांची भरपगारी रजा दिली. काम पुरे होताना तो इजिप्तमध्ये जाऊन तिथल्या विद्वानांशी चर्चा करून आला आणि १९३० साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुराणाचे भाषांतर होऊच शकत नाही, फक्त अर्थ सांगता येतो, अशी त्याची श्रद्धा असल्याने ग्रंथाच्या नावातही त्याने 'अर्थ' हाच शब्द घातला. पुढे १९३८ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, हैदराबादच्या सरकारी छापखान्याने मूळ अरबीसह त्याची आवृत्ती काढली.

या भाषांतरात पिक्थॉलने नमन नाकारणाऱ्याला 'इब्लीस'च ठेवले. त्या नावाला इंग्रजी कपडे चढवले नाहीत. मात्र पुढच्याच प्रसंगात आदमाला फसवणाऱ्यासाठी त्याने सरळ 'सेटन' वापरला. म्हणजे विशेषनाम अरबी राहिले, आणि कामाचे नाव इंग्रजी वाचकाच्या ओळखीचे झाले. याच सुमारास, १९३४ ते १९३७ या काळात, लाहोरहून अब्दुल्ला यूसुफ अली यांचे भाषांतर निघाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकलेल्या या गृहस्थांनीही नेमके हेच केले, आणि टीपेत दोन नावांच्या अर्थातला फरकही उलगडून सांगितला. एकाची मुंबई-हैदराबादेतली नोकरी, दुसऱ्याचे मुंबईतले शिक्षण. तेव्हा इब्लीसचे इंग्रजी नाव पक्के होण्यात आपल्या दख्खनचाही थोडा हात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रजीला जे विचारपूर्वक ठरवावे लागले, ते मराठीत त्याच्या कितीतरी आधी आपोआप होऊन गेले होते. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगलाई आणि आसफजाही अशा राजवटींतून फारसी दफ्तराची आणि दख्खनी बोलीची सोबत मराठीला सहाशे वर्षे लाभली. दफ्तरातून अर्ज, जमाबंदी, तहसील आले. बाजारातून दुकान, किंमत, नफा आले. आणि दर्ग्यावरून, उरुसातून, फकिराच्या तोंडून सैतान, जिन आणि खवीस आले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने झालेल्या राजव्यवहारकोशाने दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण बायाबापड्यांच्या तोंडात बसलेल्या शब्दांना कोण पर्याय देणार? उलट, १६४५ साली 'योगसंग्राम' पुरा करणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांच्यासारखे संत मुसलमान घरात जन्मून मराठीतच लिहीत होते. देवाणघेवाण दोन्ही अंगांनी चालली होती.

शब्द आला, पण येताना त्याचा अर्थ सारा आला नाही. 'शैतान'चा 'सैतान' झाला. श चा स करण्याची आपली ग्रामीण जिभेची सवय त्याला कारण असावी. गंमत म्हणजे त्यामुळे तो, अजाणताच, हिब्रू 'सातान'च्या उच्चाराजवळ जाऊन बसला. उच्चारापेक्षाही मोठा बदल अर्थात झाला. मराठी मनाने त्याला आपल्या भुतावळीत नेऊन बसवले. वेताळ, मुंजा, हडळ, समंध यांच्या पंगतीला जिन आणि खवीस बसले आणि त्यांच्याच शेजारी सैतानालाही पाट मिळाला. 'सैतान लागला', 'सैतान उतरवला' असे आपण म्हणू लागलो. अरबस्तानातला एकमेव गर्विष्ठ बंडखोर दख्खनच्या चिंचेवर येऊन राहू लागला!

तसे पाहिले तर आपल्या परंपरेत त्याच्या अधिक जवळचे कोणी नव्हते असे नाही. नल-दमयंतीच्या आख्यानातला कली आठवावा. तो नलाच्या चुकीची बारा वर्षे वाट पाहतो, आणि एके दिवशी नल पाय न धुता संध्येला बसताच त्याच्या शरीरात शिरतो. मग द्यूत, राज्यनाश, वनवास. 'अंगात कली संचारला' हा आपला वाक्प्रचार त्यातलाच, आणि 'अंगात सैतान संचारला' ही त्याचीच दुसरी प्रत. बौद्ध बांधवांना बोधिवृक्षाखाली गौतमाची वाट अडवणारा मार आठवेल. मनाला आतून पोखरणारा शत्रू आपल्याला ठाऊक होता. पण बोलीभाषेने सैतानाची सोयरीक कलीशी करता करता भुताशीही करून टाकली.

पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक आले आणि त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. मराठीत डेव्हिलला काय म्हणायचे? या प्रश्नाशी झुंजलेला एक फार जुना लेखक म्हणजे इंग्लंडात जन्मलेला फादर थॉमस स्टीफन्स. तो १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले. त्याने आणि गोव्याच्या ख्रिस्ती परंपरेने शब्द उचलला तो 'देवचार'. आता गोव्या-कोकणच्या हिंदू लोकसमजुतीत देवचार हा गावाचा राखणदार. रात्री हातात काठी घेऊन शीव फिरणारा, वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा. तोच चर्चच्या भाषेत नरकाचा धनी झाला. एका वाड्यातला राखणदार शेजारच्या वाड्यात सैतान ठरला.

देशावरच्या मराठीवर ही पाळी आली नाही. श्रीरामपूरला विल्यम केरीने १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, मुंबईला १८१३ साली अमेरिकन मिशनरी आले. त्यानंतरच्या भाषांतरांतून मराठी बायबलात रूढ झाला तो 'सैतान'. राक्षस म्हटले तर ती एक जात. असुर म्हटले तर देवांचे सावत्र भाऊ. भूत म्हटले तर मेलेल्या माणसाचा आत्मा. ईश्वराचा आणि माणसाचा एकमेव वैरी असा अर्थ यांपैकी कशातच नव्हता. मुसलमान शेजाऱ्याकडून आलेल्या शब्दात तो होता. तेव्हा हिब्रूतून निघालेला शब्द अरबी, फारसी आणि दख्खनी अशी मोठी प्रदक्षिणा करून मराठी ख्रिस्ती घरात पोचला, आणि त्यासाठी कुठल्या ग्रामदैवताला नरकात लोटावे लागले नाही.

आपल्या दुभाषी जिल्ह्यात ही गोष्ट आणखी उठून दिसते. एकाच गावात मराठी बायबल वाचणारा 'सैतान' वाचतो. तेलुगू बायबल वाचणारा 'सातानु' वाचतो. हे रूप उर्दूवरून न येता बायबलच्या मार्गाने आले आहे, कारण उर्दूवरून आलेला 'सैतानु' तेलुगू बोलीत वेगळा नांदतोच आहे. शिवाय 'दियाबोलोस'साठी तेलुगूने संस्कृतवरून 'अपवादी' म्हणजे निंदा करणारा हा शब्द योजला. ग्रीक शब्दाचा हा अर्थ किती नेमका उतरला आहे पाहा! आणि उर्दू बायबल उघडले तर तिथे चक्क 'इब्लीस' आणि 'शैतान' दोघेही हजर. मशिदीत ज्याच्यापासून ईश्वराचा आश्रय मागतात, त्याचेच नाव चर्चमध्ये. तीन भाषा, तीन वाटा, आणि शेवटी उंबरठा एकच.

इथवर ही शब्दांची मौज झाली. पण तिच्यामागे एक गंभीर गोष्ट आहे आणि ती सीमाभागातल्या आपणा सर्वांना लागू आहे.

कुराणातल्या शैतानाच्या अंगी बळ असे जवळजवळ नाहीच. तो कुजबुजतो, मोह घालतो, इतकेच. चौदाव्या सूरेत न्यायाच्या दिवशी तो आपल्या अनुयायांना काय सांगतो ते मोठे मार्मिक आहे. त्याचा आशय असा की, माझी तुमच्यावर सत्ता नव्हती. मी हाक मारली आणि तुम्ही आलात. तेव्हा मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. हजला गेलेले यात्रेकरू मक्केजवळ मिना येथे तीन ठिकाणी खडे मारतात, तेही इब्राहीमच्या वाटेत आलेल्या या कुजबुजीची आठवण म्हणून. खडा मारून झाल्यावर स्वतःच्या मनाशी भांडायचे ते उरतेच.

आपल्या बोलीतल्या सैतानाने नेमकी हीच जबाबदारी माणसाच्या खांद्यावरून उतरवून ठेवली. 'माझ्या अंगात सैतान आला होता' म्हटले की बायकोला मारणारा मोकळा! त्याहून वाईट म्हणजे, जिला सैतान लागला असे चार लोक ठरवतात, ती बहुधा एखादी आजारी सून किंवा एकटी राहणारी म्हातारी असते. मराठवाड्याला आणि तेलंगणाला भानामतीचा इतिहास काही सांगायला नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. पण कायद्याचा हात पोचण्याआधी शेजाऱ्याची जीभ पोचलेली असते, आणि त्या जिभेवर हाच शब्द असतो.

दुसरा धोका याहून मोठा. आजीच्या तोंडी 'सैतान कुठला' हे लाडाचे असते. तेच शब्द एका जमावाने दुसऱ्या जमावाविषयी उच्चारले की काय होते, हे आपल्या भागाने पाहिले आहे. १९४८ च्या सप्टेंबरपूर्वी रझाकारांनी गावे जाळली, लुटली. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात अनेक ठिकाणी ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर सूड उगवला गेला. दोन्ही वेळा मारणाऱ्याच्या दृष्टीने समोरचा माणूस माणूस उरला नव्हता. शेजाऱ्याला एकदा सैतान ठरवले की मग त्याच्याशी कसेही वागायला मन मोकळे होते.

म्हणून मूळ कथेकडे पुन्हा एकदा नीट पाहावे. इब्लीसने खून केला नव्हता, चोरी केली नव्हती. ईश्वराचे अस्तित्वही नाकारले नव्हते. त्याचा अपराध एवढाच की त्याने आपल्या जन्माची प्रत लावली. माझे मूळ अग्नीचे, याचे मातीचे, म्हणून मी वरचा! या परंपरेच्या हिशेबाने जगातला पहिला उच्चनीचभाव त्याच्या तोंडून निघाला. जातीचा, भाषेचा, धर्माचा तोरा मिरवणारा प्रत्येक जण, मग तो कोणत्याही बाजूचा असो, त्याचेच वाक्य नव्याने म्हणत असतो. मराठी थोर की तेलुगू, हा वाद घालतानासुद्धा हे ध्यानात ठेवलेले बरे.

आपली जमीन काळी आहे आणि आपण सारे तिच्यावर पोसलेले, मातीचे लोक आहोत. तलमडुगूच्या शिवारात कापूस वेचणारी गोंड बाई, तेलुगू रयत, मराठी कुणबी आणि मुसलमान मजूर यांच्या घरी सैतानाची नावे वेगळी असतील. त्या मातीचे नाव मात्र कुणाला वेगळे काढता येणार नाही. इब्लीस वाकला नाही तो याच मातीपुढे. दिवाळीत आपण पणती लावतो तीही मातीचीच असते, आणि अग्नीला अंधार हटवायचा तर त्या मातीच्या पोटातच बसावे लागते.